वाचलेला वेळ कोणाचा?

लग्नघरात सगळ्यांच्या आधी हजर होणारा आणि शेवटच्या पंगतीला बसणारा माणूस म्हणजे फोटोग्राफर. आदल्या दिवशीच्या हळदीपासून रात्रीच्या गृहप्रवेशापर्यंत तो उभाच असतो. वऱ्हाडी मंडळींना त्याचे कष्ट दिसतात ते एवढेच. मांडव उतरल्यावर त्याचे जे दुसरे काम सुरू होते, ते मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही. काढलेल्या हजारो फोटोंमधून चांगले निवडायचे, त्यांचा उजेड आणि रंग सारखे करायचे, अल्बमची पाने लावायची, हे सारे तो रात्री घरच्या कॉम्प्युटरसमोर बसून करीत असतो. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेल्या ‘एआय’ने, नेमका या रात्रपाळीला हात घातला आहे. या माणसाला त्याच्या रात्री परत मिळतील काय, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आहे. आणि तो एकट्या फोटोग्राफरचा नाही.

ही रात्रपाळी आली कुठून, हे आधी पाहिले पाहिजे. रोलच्या जमान्यात एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. मोठ्या लग्नाला आठ-दहा रोल लागले तरी फोटो होत साडेतीनशेच्या आसपास. प्रत्येक वेळी बटण दाबताना पैसे पडत, म्हणून हात आखडता असे. रोल लॅबमध्ये टाकला की धुण्याछापण्याचे काम लॅबवाल्याचे. १९७५ साली कोडॅक कंपनीतच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला आणि पुढे त्याच तंत्राने फिल्मचा बाजार उठवला. खुद्द कोडॅकवर जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. फिल्म गेली, तशी गल्लोगल्लीची लॅबही गेली. पण लॅबचे काम काही गेले नाही. ते उठून फोटोग्राफरच्या घरात आले. शिवाय फोटो फुकट झाल्यामुळे साडेतीनशेचे तीन-चार हजार झाले. चार हजार फोटो प्रत्येकी पाच सेकंद पाहायचे म्हटले, तरी नुसत्या पाहण्यातच साडेपाच तास जातात. लागोपाठ मुहूर्त असले, की एका लग्नाचे काम संपायच्या आत दुसऱ्याचे कार्ड येऊन पडते.

नवी साधने इथे उपयोगी पडतात. एकाच प्रसंगाचे एकसारखे दहा-बारा फोटो ती एका गठ्ठ्यात घालतात, कोणाचे डोळे मिटले आहेत, कोणता फोटो हलला आहे, ते हेरतात आणि त्यांतले बरे पुढे काढून ठेवतात. काही साधने त्या फोटोग्राफरने पूर्वी हाताने केलेले हजारो फोटो अभ्यासतात आणि नव्या फोटोंना त्याच्याच पद्धतीचा उजेड-रंग देतात. अ‍ॅडोबी कंपनीच्या लाइटरूममध्ये २०२३ साली अंधारातल्या फोटोंवरचे दाणे पुसण्याची सोय आली. मंद दिव्यांच्या कार्यालयात काम करणाऱ्याला ती वरदानच वाटली. मागे लोंबणारी वायर किंवा प्लॅस्टिकची खुर्ची काढून टाकायला पूर्वी बराच वेळ जाई, ते आता क्षणात होते. पाहुण्याने मोबाइलवर स्वतःचा चेहरा दाखवला, की हजारो फोटोंतून त्याचे तेवढे फोटो त्याच्या हाती देणारी सोयही निघाली आहे. जे निवडीचे काम एका दिवसाचे होते, ते चहा होईपर्यंत आटोपू लागले आहे. या सोयींना नाके मुरडण्याचे कारण नाही. मान आखडेपर्यंत पडद्याकडे पाहत बसण्यात कसलीही कला नव्हती.

पण वाचलेला वेळ आपोआप घरी येत नसतो. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात घरकामाच्या यंत्रांचा इतिहास मांडला. यंत्रे आली, पण गृहिणीचे तास म्हणावे तसे कमी झाले नाहीत. कारण स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि पूर्वी घरातल्या इतरांनी किंवा गड्यांनी केलेली कामे तिच्या एकटीवर आली. आपल्याकडे वेगळे काय घडले? पाटा-वरवंटा गेला, मिक्सर आला. आणि सणावारी होणारे पदार्थ आडवारी मागितले जाऊ लागले. आईची पाठ दुखायची थांबली असेल, पण ती स्वयंपाकघरातून लवकर बाहेर पडली असे छातीवर हात ठेवून किती घरे सांगतील?

फोटोग्राफरच्या बाबतीत हेच होऊ घातले आहे. पूर्वी अल्बमसाठी महिना-दोन महिने थांबणारी माणसे आता लग्नाच्याच रात्री, इन्स्टाग्रामवर टाकायला, फोटो मागतात. काम लवकर होते हे कळल्यावर ‘मग पैसे का तेवढेच?’ असा सवालही ठरलेला. दर उतरला की तीच मिळकत राखायला जास्त कामे घ्यावी लागतात आणि जास्त कामांचे फोटो पुन्हा रात्री येऊन बसतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराला आठवड्याचे ४८ तास आखून दिले होते. गिरणीचा भोंगा कर्कश होता खरा. पण पाळी संपल्याचेही तोच सांगे. स्वतःच्या धंद्याच्या माणसाला असा भोंगा नाही. त्याच्या मुलांची शाळेला सुट्टी असते तेव्हा, रविवारी आणि मुहूर्ताच्या दिवशी, तो दुसऱ्यांच्या घरी असतो. त्याच्या घराच्या वाट्याला येते ती आठवड्यातली संध्याकाळ. यंत्राने वाचवलेले तास त्या संध्याकाळी पडले नाहीत, तर ते कोणाच्या तरी अधीरपणात विरघळून जातील.

या धंद्यावर जगणारी आणखी माणसे आहेत. रंग सुधारणारी, अल्बमची पाने लावणारी मुले पूर्वी उमेदवारी करता करता शिकत. चारशे वाईट फोटो बाजूला काढताना एकतिसावा चांगला का, हे डोळ्याला उमगत असे. हे काम यंत्राने घेतले, तर त्यांचा रोजगार जातोच, पण उद्याच्या फोटोग्राफरची नजर कुठे घडणार, हेही कळत नाही. वाचलेल्या वेळातला थोडा वेळ उस्तादाने या मुलांसाठी राखायला हवा.

आणि निवडीचा अखेरचा शब्द? मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो, चहूबाजूंनी अक्षता पडतात आणि वधूवरांचे डोळे हमखास मिटतात. मुलीला निरोप देताना आई डोळ्यांना पदर लावते. देवापुढे आजोबा डोळे मिटूनच हात जोडतात. डोळे मिटले म्हणून फोटो बाद करणारे यंत्र नेमके हे क्षण मागे सारू शकते. तो फोटो परत वर काढायला माणूसच लागतो, आणि त्याचे डोळे झोपेने जड झालेले असून चालत नाही. वर्ण उजळण्याचेही तसेच. सावळ्या मुलीला तिच्याच लग्नात न विचारता गोरी करण्याची सोय एका बटणावर आली म्हणून ते बटण दाबायलाच हवे असे नाही. न आलेल्या मामांना फोटोत उभे करणे आज गमतीचे वाटेल. चाळीस वर्षांनी नातवंडे तो अल्बम खरा मानून उघडतील.

तेव्हा काही गोष्टी फोटोग्राफरांनी ठरवाव्यात. फोटो कधी मिळतील ती तारीख आगाऊ रक्कम घेतानाच लिहून द्यावी आणि काम आधी झाले तरी ती सहसा मोडू नये. दर तासांवर नव्हे, नजरेवर आणि जबाबदारीवर सांगावा. मूळ फोटो जपून ठेवावेत. पाहुण्यांचे चेहरे यंत्राला दाखवायचे तर ते यजमानांना आणि पाहुण्यांना आधी सांगावे. हे एकट्यादुकट्याने होणार नाही. शेजारचा ‘उद्याच देतो’ म्हणाला की निर्धार ढळतो. म्हणून गावोगावच्या फोटोग्राफरांच्या संघटनांनी स्पर्धा-प्रदर्शनांबरोबर याचाही विचार करावा.

परंतु निम्मी चावी आपल्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या, हाती आहे. लग्न एकदाच होते आणि अल्बम पुढे पन्नास वर्षे पाहायचा असतो. त्यासाठी तीन आठवडे थांबल्याने कोणाचे काही बिघडत नाही. कार्यालयाच्या पायरीवर ‘फोटो कधी?’ असे विचारण्याआधी त्या माणसाला ‘जेवलात का?’ एवढे विचारले, आणि त्याच्या घरीही कोणी त्याची वाट पाहत असेल हे लक्षात ठेवले, तर एआयने वाचवलेले तास योग्य पत्त्यावर पोचतील.