अनुस्वाराचा आहार

घरात कुत्रा आणला की माणसाला प्रथमच कळते, आपल्या गल्लीत किती वैद्य राहतात ते. मूल झाले तरी लोक इतके सल्ले देत नाहीत. कारण मुलाला आजी असते आणि तिच्यापुढे तोंड उघडण्याची कुणाची छाती होत नाही. कुत्र्याला आजी नसते, असा लोकांचा समज आहे. आमच्या कुत्र्याला ती आहे, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. पण ते पुढे.

कुत्रा गावठी, रंगाने तांबूस. कपाळावर एकच पांढरा ठिपका. त्यावरून मी मोठ्या हौसेने त्याचे नाव 'अनुस्वार' ठेवले. माझ्याखेरीज घरात ते कुणी घेत नाही. आई त्याला 'ठिपक्या' म्हणते, आणि तो तिलाच ओ देतो.

पहिला सल्ला तळमजल्यावरच्या निवृत्त सुभेदारांचा. "अहो प्राध्यापक, कुत्रा म्हणजे लांडगा. कच्चे मटण घाला, हाडे घाला. पोळी कसली घालता?" सुभेदारांच्या आवाजाशी वाद घालता येत नाही, पण शास्त्र निराळे सांगते. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात स्वीडनमधल्या संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पिष्ट पचवण्यासाठी लागणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात. कुत्र्यात त्या ४ पासून ३० पर्यंत सापडल्या. माणसाच्या उंबऱ्याशी पडून भाकरतुकडा खाता खाता त्या प्राण्याचे पोटच बदलले म्हणायचे! हाडांचे म्हणाल, तर शिजवलेले हाड फुटून त्याच्या कपच्या आतड्यात रुततात. सुभेदारांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "स्वीडनमध्ये कुत्रे असतील, आपल्याकडे लांडगेच."

समोरच्या वहिनींचे मत दूधपोळीला. त्यांच्या माहेरी सहा कुत्री दूधपोळीवर वाढली. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, आणि त्याचा पुरावा ती लगेच देतात. वहिनींच्या माहेरी मागे ऐसपैस परसू होते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

मग दुकानदार. त्याने 'धान्यविरहित' असे छापलेली पिशवी पुढे केली. किंमत पाहून मला वाटले, आत केशर असावे. अशा खाण्याचा कुत्र्यांच्या एका हृदयविकाराशी संबंध आहे की काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली हाती घेतली. २०२२ साल सरले तरी नेमके कारण सिद्ध झाले नव्हते. म्हणजे विकणाराही ठाम, भिणाराही ठाम, आणि मध्ये आपले पाकीट! मी पिशवी खाली ठेवली.

इतके होईपर्यंत अनुस्वाराचा विसर्ग होत चालला होता. चालताना तो दोन गोळ्यांसारखा दिसे. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी काट्यावर चढवला: साडेअठरा किलो. पंधरा हवे होते. मग माझी बोटे धरून त्याच्या कुशीवर फिरवली. "बरगड्या लागतात का?" लागत नव्हत्या. "त्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. बाकी मटण की भात, हा वाद नंतर. वरचे खाणे काय काय होते?"

बायकोने माझ्याकडे पाहिले, मी भिंतीवरच्या तक्त्याकडे.

वडील २०१९ साली गेले. आम्ही दोघे नोकरीवर, मुलगा कॉलेजात; दुपारी घरात आई आणि कुत्रा. वडील असताना आई बारा वाजताच पान मांडायची. ते गेल्यावर ती कधी दोनला, कधी उभ्यानेच जेवू लागली. कधी ताटली कोरडीच असायची. कुत्रा आला आणि बाराचा नेम परत आला. तो समोर बसतो, ती त्याला भरवते. दोन पोळ्या, तूप लावून.

पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सातआठशे उष्मांक पुरतात, वरखाणे त्याच्या एक दशांशाहून अधिक नको, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तूप लावलेली एक पोळी दीडशेच्या घरात जाते. हिशेब शाळकरी पोरालाही यावा.

"अहो, आईंना तुम्हीच सांगा," बायको म्हणाली. सांगितले. आई शांतपणे म्हणाली, "कुत्र्याने पोळी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आणि तू वाटी लपवायला सांगतोस? मराठी शिकवतोस ना रे?"

तो कुत्रा निदान पळत तरी होता, हे उत्तर माझ्या ओठांवर आले आणि मी ते गिळले.

तह असा झाला. सकाळ-संध्याकाळचे खाणे डॉक्टरीणबाईंनी मापून दिले: 'संपूर्ण व समतोल' असे लिहिलेल्या साध्या पिशवीतले, आणि एक उकडलेले अंडे. अंड्यासाठी आईने गॅलरीत वेगळी शेगडी मंजूर केली. (सहा अंडी आणली की कुत्र्याच्या वाट्याला तीन येतात, उरलेल्या तिनांविषयी चिरंजीव बोलत नाहीत.) दिवाळीत फराळाचे डबे वर, कारण चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, चॉकलेट आणि कांदा-लसूणही वर्ज्य. आणि दुपारी आईच्या हातची अर्धी पोळी. बिनतुपाची.

"कोरडी?" आईने एवढेच विचारले.

सुट्टीच्या दिवशी मी पाहिले. आई ती अर्धी पोळी नखाएवढ्या तुकड्यांनी मोडते. आपला एक घास घेते, मग एक तुकडा त्याच्यापुढे धरते, आणि मग पुन्हा आपला घास. तुकडे संपेस्तोवर तिचे ताटही स्वच्छ होते. अनुस्वार आता सतरा किलोवर आला आहे.

दुपारच्या पोळ्या आई स्वतःच लाटते. त्या अलीकडे पूर्वीपेक्षा मोठ्या होऊ लागल्या आहेत, असा बायकोचा संशय आहे.