खांबाला घातली बंडी!

दोस्तांनो, १० जुलै २०२४ ची सकाळ हिंगोलीकर विसरलेले नाहीत. सव्वासातच्या सुमाराला जमीन थरथरली आणि माणसं आहे त्या कपड्यांत अंगणात धावली. भूकंप ४.५ चा होता. त्याच वर्षी २१ मार्चलाही सकाळी लागोपाठ दोन धक्के बसले होते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या मुलांना तर जमिनीखालून येणारा गूढ आवाज मुळीच नवा नाही.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप होता ६.२ चा. आकड्यांत फरक जेमतेम पावणेदोनचा, पण बाहेर पडलेली ऊर्जा तीनशे पटींहून जास्त! तिथे माणसं गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जड भिंतींखाली. मग आपल्याला वाटायला लागलं, सिमेंटचं घर बांधलं की झालं. हा समज खोटा ठरला २६ जानेवारी २००१ ला. भूकंप झाला भुजजवळ, पण दोनशे किलोमीटरहून लांबच्या अहमदाबादमध्ये सिमेंटच्या इमारती कोसळल्या. बऱ्याच जणींच्या तळमजल्यावर गाड्यांसाठी नुसते मोकळे खांब होते. तेच मोडले.

खांब मोडतो कसा? वसमतच्या बाजारात हळद पाहिलीय ना? जमिनीवर ओतली की पसरते. तीच पोत्यात ठासून भरली आणि तोंड शिवलं, की पोत्यावर पोतं रचता येतं. हळद तीच, पण आता तिला बाजूला सरकायला जागा नाही. काँक्रीटचंही तसंच. वरून भार आणि त्यात हादरे, की ते बाजूंना फुगू पाहतं, तडकतं, त्याचे ढलपे उडतात. त्याला आवळून धरायला उभ्या सळयांभोवती लोखंडी रिंगा असतात. जुन्या बांधकामांत त्या बऱ्याचदा लांब लांब असतात. आता उभ्या खांबात रिंगा घालणार कशा? म्हणून बाहेरूनच बंडी घालायची!

ही बंडी कार्बनच्या तंतूंची. एक तंतू आपल्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा बारीक. कापड एक मिलिमीटरहून पातळ, पण ताण सोसण्यात पोलादाला भारी, आणि गंजायचं नाव नाही. काचेच्या तंतूंचंही कापड मिळतं, ते स्वस्त पडतं. १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर जपान्यांनी पुलांचे कितीतरी खांब असे गुंडाळले.

काम मात्र चिकाटीचं. आधी गिलावा काढायचा, तडे भरायचे, गंजलेल्या सळया दुरुस्त करायच्या. चौकोनी खांबाचे कोपरे घासून गोल करायचे, नाहीतर धारेवर तंतू तुटतात. मग इपॉक्सी नावाची राळ लावून कापड घट्ट गुंडाळायचं आणि रूळ फिरवून आतली हवा काढायची. राळ कडक झाली की खांब आणि कापड एकजीव! ऊन आणि आग या राळेच्या वैरिणी, म्हणून वरून पुन्हा लेप.

आता जरा आई-बाबांशी बोलतो. कापड महाग आहे आणि किती थर लावायचे ते इंजिनिअरनेच गणित करून ठरवायचं असतं. गंजलेली सळई तशीच ठेवून वर कापड गुंडाळणं म्हणजे, मला विचाराल तर, जखम न धुता पट्टी बांधणं. आणि गावातल्या दगड-मातीच्या घराला ही बंडी चालत नाही. त्याच्या भिंती वेगळ्या तऱ्हेने बांधून घ्याव्या लागतात.

तर मुलांनो, वहीच्या पानाची सुरळी करा. तिला दोनच रबरबँड लावा, एक वर, एक खाली. कोरडी वाळू ठासून भरा आणि वर पुठ्ठा ठेवून पुस्तकं रचत जा. सुरळी कुठे फुगते बघा. मग दुसऱ्या सुरळीला दहा रबरबँड लावून तेच करा. किती पुस्तकं जास्त राहिली ते पत्राने कळवा. आणि हो, प्रयोग अंगणात करा, घरात वाळू सांडली तर मी जबाबदार नाही!