खडेमीठ, पत्रा आणि किल्ली

इंग्रजी युद्धसाहित्य वर्गात शिकवताना किंवा मराठीत आणताना एक शब्द हमखास अडतो : ‘कॉर्न्ड बीफ’. ‘कॉर्न’ म्हणजे मका, असे धरून विद्यार्थी विचारतात की मांसात मका कशासाठी? अनुवादक अधिक सावध. तो ‘डबाबंद मांस’ असे लिहून पुढच्या वाक्याकडे वळतो. विद्यार्थ्यांची चूक दोन मिनिटांत दुरुस्त होते. अनुवादकाची सावधगिरी मात्र आम्हांला अधिक खटकते. कारण तीत चूक अशी काही नाही, आणि तरीही सांगण्याजोगे होते ते सगळे गळून गेले आहे. या एका डब्याच्या निमित्ताने आपल्या वाचनाच्या आणि अभिरुचीच्या काही सवयी तपासून पाहाव्यात, एवढाच या टिपणाचा हेतू.

आधी शब्द. जुन्या इंग्रजीत ‘कॉर्न’ म्हणजे कोणताही दाणा, कण. मांस टिकवण्यासाठी जे जाडे मीठ वापरीत त्याच्या खड्यांवरून खारवलेल्या मांसाला हे नाव पडले. पुढे अमेरिकेत हा शब्द मक्याला चिकटला आणि आपल्यापर्यंत तोच अर्थ आधी पोहोचला. म्हणजे ज्या शब्दापाशी आपण अडतो त्याला मराठीत चपखल जोड आहे : खडेमीठ. कोकणात मासळी खारवणाऱ्या कोणाही बाईला ‘कॉर्न्ड’चा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या मराठवाड्यातील दलित खाद्यसंस्कृतीवरील पुस्तकात ‘चान्या’ भेटतात. मांसाचे तुकडे उन्हात वाळवून अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवण्याची ती रीत. खारवणे, मुरवणे, वाळवणे ही क्रियापदे आणि त्यांमागचे ज्ञान मराठीत पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. तेव्हा ‘डबाबंद मांस’ हे भाषेचे दारिद्र्य नव्हे. ‘गोमांस’ हा शब्द आपल्याकडे नुसता पदार्थवाचक राहिलेला नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्यांनी हे शब्द रोजच्या व्यवहारात वापरले त्यांचे स्वयंपाकघर छापील प्रमाण मराठीच्या उंबऱ्याबाहेर राहिले, हेही या सावधगिरीचे एक कारण आहे.

आता वस्तू. हा डबा सहसा गोल नसतो. ३४० ग्रॅमचा, चौकोनी आणि एका टोकाकडे निमुळता होत गेलेला, असा त्याचा ठरलेला घाट. या निमुळत्या डब्याचे पेटंट १८७५ साली शिकागोत घेतले गेले. त्यामागचा विचार साधा होता : रुंद टोक उघडले की आतली वडी न मोडता अखंड बाहेर सरकावी. डब्यालाच एक लहानशी किल्ली चिकटवलेली असते. पत्र्याची इवलीशी जीभ किल्लीच्या भोकात ओवायची आणि किल्ली फिरवीत न्यायची; पत्र्याची अरुंद पट्टी तिच्याभोवती गुंडाळली जाते आणि डब्याचे दोन भाग होतात.

कल्पनेत तरी असे होते. प्रत्यक्षात पट्टी तिरपी जाते, गुंडाळी एका बाजूला फुगते, किल्ली अडते आणि जीभ नेमकी अर्ध्या वाटेवर तुटते. मग पक्कड, सुरी, जुन्या पद्धतीचा डबा फोडायचा हत्यारबाज मार्ग. आणि अखेरीस जी वडी अखंड निघायची ती चमच्याने खरवडून काढावी लागते. पत्र्याची कड इतकी धारदार असते की बोट कापले गेल्याचे आधी दिसते आणि मागाहून कळते. परदेशातील विद्यार्थीदशेत आम्ही असे काही डबे उघडले आहेत, आणि त्यांपैकी एकाची खूण आमच्यातल्या एकाच्या अंगठ्यावर अजून आहे. आता पुष्कळ डब्यांना ओढायची कडी आली. किल्लीचा तो त्रागा हळूहळू आठवणींत जमा होतो आहे.

आणि तरी सुख होते. डबा आधी थंड करावा, म्हणजे वडीचे काप नीट पडतात. उबदार वडी सुरीखाली भुगा होते. कापांत पांढऱ्या चरबीच्या रेषा दिसतात. पावात घालून ते तसेच खाता येतात. पण खरे सुख तव्यावर. कांदा परतावा, उकडलेला बटाटा कुस्करून टाकावा, वर हे मांस मोकळे करून घालावे आणि न हलवता राहू द्यावे. खालून खरपूस पापुद्रा धरतो, खारट वास खोलीभर होतो, आणि महिनाअखेरीस चार जणांचे एका डब्यात भागते. या चवीत नजाकत नाही. तिच्यात मीठ आहे, चरबी आहे आणि भरवसा आहे : हा डबा गेल्या वर्षीही असाच होता आणि पुढच्या वर्षीही असाच असेल.

हा भरवसाच या पदार्थाचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिक याला ‘बुली’ म्हणत. उकडलेले या अर्थाच्या ‘बुयी’ या फ्रेंच शब्दाचा तो अपभ्रंश मानला जातो. खंदकात चूल पेटवणे दुरापास्त, म्हणून थंड बुली आणि दगडासारखी बिस्किटे. सैनिक तिला शिव्या घालीत आणि तिच्यावरच जगत. उरुग्वे नदीकाठच्या ज्या गावातून हे डबे येत त्या फ्राय बेंटोसचे नाव त्यांच्या बोलीत ‘झकास’ या अर्थाने रूढ झाले. ऑगस्ट १९१७ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर चिखलात रुतलेल्या एका रणगाड्याचे नावही ‘फ्राय बेंटोस’ होते. त्यातील नऊ जण साठहून अधिक तास आत अडकून पडले होते. पत्र्याच्या डब्यात कोंबलेले मांस, हा विनोद त्या नावात आधीपासूनच होता. तो असा खरा ठरला. त्या नावाच्या जागी ‘डबाबंद मांस बनवणाऱ्या गावाचे नाव दिलेला रणगाडा’ असे लिहिणाऱ्याने माहिती दिली, पण विनोद मारला. आणि मृत्यूच्या छायेतला विनोद हाच युद्धसाहित्याचा श्वास असतो. त्याच आघाडीवर १९१४-१५ मध्ये लढलेल्या हिंदी पलटणींचा शिधा धर्म पाहून वेगळा ठेवलेला होता. बुलीची आठवण मराठीत का उतरली नाही, याचे एक उत्तर येथेही आहे.

जॉर्ज ऑर्वेलने ‘द रोड टू विगन पिअर’ (१९३७) या पुस्तकात उत्तर इंग्लंडमधील बेकार कुटुंबांच्या आहाराची नोंद घेतली आहे. त्यात पांढरा पाव, मार्गारीन आणि गोड चहा यांच्या शेजारी कॉर्न्ड बीफ आहे. हा आहार निकृष्ट आहे, हे तो स्पष्ट म्हणतो. डबाबंद अन्नाविषयी त्याच्या मनात खोल संशय आहे. परंतु त्याच जागी तो आणखी एक गोष्ट पाहतो : ज्याच्यापाशी पैसा नाही, काम नाही आणि दिवस खायला उठतो, त्याला पौष्टिक आणि बेचव अन्न नको असते, त्याला जिभेला थोडे सुख देणारे काहीतरी हवे असते. ऑर्वेलचे मोठेपण आम्हांला या दुसऱ्या निरीक्षणात दिसते. पहिले कोणताही आहारतज्ज्ञ करू शकला असता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील मांसाच्या शिध्यातला काही भाग कॉर्न्ड बीफच्या रूपानेच घ्यावा लागे, आणि मांसावरील नियंत्रण १९५४ पर्यंत टिकले. त्या पिढीला हा डबा नावडताही होता आणि घरचाही.

आमचे म्हणणे येथून सुरू होते. गरिबाच्या सुखाकडे पाहण्याच्या दोन सोप्या तऱ्हा समीक्षेत रुळलेल्या आहेत. एक तऱ्हा त्या सुखाला खोटे ठरवते : बाजाराने लादलेली चव, परात्म झालेली जीभ. दुसरी त्याच्याभोवती हळव्या आठवणींची महिरप काढते आणि त्यातला जाच विसरते. दोन्ही तऱ्हा डबा न उघडताच त्याविषयी बोलतात. ज्याने किल्ली फिरवली आहे त्याला ठाऊक असते की त्रागा आणि सुख एकाच पत्र्यात बसवलेले आहेत, आणि एकाला वगळून दुसऱ्याविषयी खरे बोलता येत नाही.

याच्याशीच ‘अस्सल’ कशाला म्हणावे हा आपल्याकडचा जुना वाद जोडलेला आहे. सामोआ बेटांवर या डब्यातल्या मांसाला ‘पिसुपो’ म्हणतात. शब्द ‘पी सूप’वरून आला : तेथे आधी पोहोचलेले डबे वाटाण्याच्या सुपाचे होते, सूप गेले, नाव राहिले आणि ते मांसाला लागले. आज लग्नात, मर्तिकात, आहेराच्या देवाणघेवाणीत पिसुपोचे डबे दिले-घेतले जातात. शेजारच्या टोंगात अळूच्या जातीच्या पानांत नारळाच्या दुधासह ते शिजवतात. या पदार्थाला परका म्हणायचे कोणत्या आधारावर? आणि हा प्रश्न विचारताना आपण आपल्या उपवासाच्या ताटाकडेही पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, बटाटा तेथलाच, शेंगदाणा तेथलाच, आणि हिरवी मिरचीही पोर्तुगिजांच्या मार्गाने आलेली. एकादशीच्या खिचडीचा गोतावळा फ्राय बेंटोसच्याच खंडातला निघतो. तिला कोणी परकी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. वस्तू जन्माने देशी होत नाही; वापराने, नावाने आणि प्रसंगांनी होते. भालचंद्र नेमाडे यांची देशीवादाची मांडणी याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहे, हे मान्यच. आमचा आक्षेप आहे तो वर्गांत आणि परीक्षणांत रुळलेल्या तिच्या सोप्या आवृत्तीला, जी वस्तूचे मूळगाव विचारून तिचा निकाल लावते.

मात्र येथे थांबलो तर आम्हीही एका सोप्या निष्कर्षावर थांबू. आपलेसे केल्याने वस्तूचा इतिहास पुसला जात नाही. फ्राय बेंटोसला १८६५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या लीबिग कंपनीने कारखाना चालवला, १९२४ मध्ये तो ‘अँग्लो’ झाला आणि १९७९ मध्ये बंद पडला. २०१५ पासून ती जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. कुरणे एका गोलार्धात, भुकेली तोंडे दुसऱ्या, आणि मधल्या कामगारांचे हात कोणत्याही लेबलवर नाहीत. १९६४ साली स्कॉटलंडमधील अॅबरडीन येथे विषमज्वराची साथ आली आणि चारशेहून अधिक माणसे आजारी पडली. माग अर्जेंटिनातून आलेल्या कॉर्न्ड बीफच्या एका मोठ्या डब्यापर्यंत पोहोचला. तापवलेला डबा नदीच्या अशुद्ध पाण्यात थंड केला गेला होता, आणि पत्र्यातील सूक्ष्म छिद्राने ते पाणी आत घेतले होते. दुकानातील काप करण्याच्या यंत्रावरून रोग इतर मांसात पसरला. ज्या भरवशाची आम्ही स्तुती केली त्याला एवढेसे छिद्र पुरते.

पिसुपोचा हा दुहेरी अर्थ एका कलावंताने फार नेमका पकडला आहे. न्यूझीलंडमधील मिशेल टफरी यांनी १९९४ मध्ये कॉर्न्ड बीफचे डबे चपटे करून, रिबिटांनी जोडून एक पूर्णाकृती बैल उभा केला : ‘पिसुपो लुआ अफे’. तो आता वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ संग्रहालयात आहे. आयात अन्नाने पॅसिफिक बेटांच्या आरोग्यावर आणि चालीरीतींवर केलेला परिणाम त्यात आहे. आणि ज्या डब्यांनी आहेर केले, पाहुणचार केले, त्या डब्यांची झळाळीही आहे. बैलाचे मांस डब्यात गेले होते. टफरींनी डब्यांतून बैल परत आणला, पण तो पत्र्याचा. निषेध आणि जिव्हाळा तेथे वेगवेगळे काढून दाखवता येत नाहीत. समीक्षेने शिकावे असे त्या शिल्पात पुष्कळ आहे.

म्हणून अनुवादकांना आणि शिक्षकांना आमची विनंती आहे की त्यांनी ‘डबाबंद मांस’ या सोयीवर समाधान मानू नये. पहिल्या उल्लेखाला ‘खडेमिठात मुरवलेल्या गोमांसाचा डबा’ असे स्वच्छ लिहावे, पुढे सैनिकांचे ‘बुली’ तसेच ठेवावे, आणि मूळ लेखकाने किल्ली मोडल्याचे वाक्य लिहिले असेल तर ते किरकोळ म्हणून गाळू नये. कोणाला तो पदार्थ वर्ज्य असेल, कोणाला परिचित. वाचकाने तो खावा असे कोणी म्हणत नाही. पण पुस्तकातल्या माणसाने तो खाल्ला होता, हातात पत्र्याची पट्टी आणि बोटावर रक्त घेऊन, आणि त्या क्षणी त्याला बरे वाटले होते. ते बरे वाटणे आपल्या भाषेत उतरले नाही, तर त्या माणसाविषयी आपण जे काही सिद्धान्त मांडू ते न उघडलेल्या डब्यावरच्या लेबलाइतकेच खरे असतील.