कॉम्प्युटर आपला, चावी कोणाकडे?

"दादा, तुम्हीच बघा, मला कॉम्प्युटर नाही येत."

भातसानगरपासून मुरबाडपर्यंत कुठल्याही सेवा केंद्रात तासभर उभे राहा, हे वाक्य ऐकू येईलच. म्हणणारी ताई बचत गटाचा हिशोब तोंडी सांगते. म्हणणारे काका सातबाऱ्यावरची चूक तलाठ्याच्या आधी पकडतात. फोनवरून पैसे दोघंही पाठवतात. मग कॉम्प्युटरपुढे आल्यावरच ही माणसं अडाणी कशी होतात?

होत नाहीत. ज्यांनी तो बनवला त्यांनी या माणसांचा विचारच केलेला नाही. दोष त्यांचा, आणि लाज मात्र आपल्याला वाटते.

उदाहरण घ्या. मुलीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला. विंडोज 11 ची होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट मागते आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. घरात ईमेल कोणाचा? दुकानातला पोरगाच एक बनवून देतो. पासवर्ड चिठ्ठीवर, चिठ्ठी बिलासोबत, आणि बिल कुठे ते देवाला माहीत. अलीकडच्या विंडोज 11 मध्ये बऱ्याच मशीनवर त्याच वेळी आतल्या डिस्कला आपोआप कुलूप लागतं. लॅपटॉप चोरीला गेला तरी माहिती जाऊ नये म्हणून. हेतू चांगला आहे. पण त्या कुलपाची चावी म्हणजे 48 आकडे, आणि ते ठेवलेले असतात त्याच खात्यात. दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलला की स्क्रीन निळी होते आणि ते आकडे मागते. पासवर्ड कोणालाच आठवत नाही. दाखले, फोटो, प्रोजेक्ट, सगळं गेलं. घरचे मुलीलाच ओरडतात, "तूच कायतरी दाबलं असशील."

भातसा धरणाच्या तालुक्यात राहून उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्यांना हे नवीन नाही. वस्तू आपल्या दारात, चावी दुसऱ्याकडे.

दुसरं उदाहरण वनड्राईव्हचं. बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फाईली नेटवर चढत राहतात. फुकटची जागा 5 जीबी. एका लग्नाच्या फोटोंत ती संपते, मग "जागा विकत घ्या" सुरू. वैतागून बॅकअप बंद केला तर डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो, कारण फाईली दुसऱ्याच फोल्डरात राहिलेल्या असतात. ऐन ॲडमिशनच्या दिवशी हे झालं तर माणसाने करायचं काय? सूचना वाचाव्या तर त्या इंग्रजीत. मराठीचा पॅक आहे, पण तो लावला तरी बऱ्याच पाट्या इंग्रजीच राहतात.

आता जुन्या मशीनचं. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 साठी कंपनीला टीपीएम 2.0 आणि नवा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगली चालणारी कितीतरी मशीन एका अटीने बाद. एक वर्षाची मुदतवाढ आहे, पण घरगुती ग्राहकाने सेटिंग कंपनीच्या क्लाऊडला जोडायचे, रिवॉर्ड पॉइंट द्यायचे, नाहीतर 30 डॉलर भरायचे. युरोपात ग्राहक संघटनांनी जाब विचारला, तेव्हा सप्टेंबर 2025 मध्ये कंपनीने तिथे पैसे आणि बॅकअप या दोन्ही अटी काढल्या. खात्यात लॉगिन तेवढं तिथेही ठेवलं. म्हणजे अट दगडावरची रेघ नव्हती. ओरडलं की बदलते.

कोणी म्हणेल, लिनक्स घ्या. केरळने सरकारी शाळांत घेतलं, वर्षानुवर्षं चालवलं. पण आपल्याकडे सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, स्वस्तातला प्रिंटर, हे सगळं आधी विंडोजवर चालतं. ते न बदलता केंद्र चालवणाऱ्या पोराला "लिनक्स टाक" सांगणं म्हणजे त्याचाच धंदा बसवणं. कोणी म्हणेल, शिका. शिकलो की! 2001 पासून एमएस-सीआयटी आहे, पोरांनी फी भरून केली. कोपऱ्यातलं स्टार्ट बटण शिकलो, ते उचलून मध्ये ठेवलं. पुन्हा पुन्हा तेच किती वेळा शिकायचं?

म्हणून मागणी साधी आहे. शाळा, ग्रामपंचायत, तहसील, जिथे जनतेच्या पैशाने कॉम्प्युटर येतो, तिथे खरेदीच्या अटींतच लिहा: मशीन मराठीत सुरू झालं पाहिजे, मराठी कीबोर्ड आधीपासून चालू पाहिजे, आणि परवानगीशिवाय फाईली कुठेही जाता कामा नयेत. सरकार मोठं गिऱ्हाईक आहे. त्याने अट घातली तर कंपनीला ऐकावं लागेल.

तोवर आज रात्री एक काम करा. घरातल्या लॅपटॉपचा पासवर्ड शोधा, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन "रिकव्हरी की" बघा. असेल तर ते 48 आकडे कागदावर उतरवा आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. दुकानदाराकडून नवीन मशीन घेताना तो कागद मागूनच घ्या.

आणि पुढच्या वेळी स्क्रीनवर काही अडलं तर "मला येत नाही" म्हणू नका. "हे नीट बनवलेलं नाही" म्हणा. मोठ्याने म्हणा, रांगेतल्या मागच्यालाही ऐकू जाऊ दे.