वारसा लेकींनी जपला, वाटा कुणी नेला?

मंडळातल्या बायकांनी जुनी गाणी म्हटली, जुने सण मांडले, की आपल्या चळवळीतून दोन सूर हमखास निघतात. एक सूर म्हणतो, परंपरा ही पुरुषसत्तेची शिदोरी आहे, तिला हात लावू नका. दुसरा म्हणतो, त्या निमित्ताने बायका घराबाहेर पडतात ना, मग झाले. प्रश्न कसले विचारता? मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्या सुराचा बायकांच्या अकलेवर विश्वास नाही आणि दुसरा पुरुषसत्तेच्या अकलेला कमी लेखतो. पडताळा हवा असेल तर आयर्लंडमधल्या डब्लिन शहरातल्या एका महिला मंडळाची हकिगत पाहावी.

साल १९००. आयर्लंडवर इंग्रजांचे राज्य. शाळेत इंग्रजी, कचेरीत इंग्रजी, रंगभूमीवर इंग्रजी तमाशे. त्याला उत्तर म्हणून शिकलेली मंडळी केल्टिक वारसा शोधू लागली होती. आयरिश भाषा, वीरकथा, नाच, संगीत यांच्यासाठी जागोजागी संस्था निघत होत्या. पण केल्टिक लिटररी सोसायटीसारख्या संस्थांचे दार बायकांना बंद होते. १८९३ साली निघालेल्या गेलिक लीगने बायकांना सभासद करून घेतले, पण तो अपवाद. म्हणजे वारसा सगळ्यांचा, सभासदत्व मात्र पुरुषांचे!

मग बायकांनी स्वतःचे मंडळ काढले. नाव ‘इनिनी ना हेरन’, म्हणजे आयर्लंडच्या लेकी. अध्यक्षा मॉड गॉन, उपाध्यक्षांमध्ये जेनी वाइझ पॉवर. आश्रयदेवता म्हणून निवडली संत ब्रिजिड. सभासदांत दिवसभर दुकानांत आणि कचेऱ्यांत राबणाऱ्या मुली बऱ्याच होत्या. प्रत्येकीने स्वतःसाठी एक आयरिश नाव घेतले.

या मंडळाने केले काय? मुलांसाठी भाषा, इतिहास, नाच आणि संगीताचे फुकट वर्ग चालवले. जुन्या कथांवर देखावे आणि नाटके बसवली. देशी माल वापरा म्हणून प्रचार केला. १९०० च्या एप्रिलमध्ये राणी व्हिक्टोरिया डब्लिनला आली तेव्हा मुलांना खाऊ देऊन राणीचा जयजयकार करून घेण्यात आला. या बायकांनी जुलैमध्ये, राणीच्या खाऊला न गेलेल्या मुलांसाठी, स्वतःची मेजवानी भरवली. तीस हजारांच्या आसपास मुले आल्याचे सांगतात. पुढे १९१० च्या सुमारास डब्लिनच्या गरीब वस्तीतल्या शाळेत दुपारचे जेवण त्यांनी सुरू केले आणि कायद्यासाठी आवाज उठवला. १९१४ साली शाळेतल्या जेवणाचा कायदा आयर्लंडला लागू झाला. १९०८ साली त्यांनी ‘बान ना हेरन’, म्हणजे आयर्लंडची स्त्री, हे मासिक काढले. संपादिका हेलेना मोलोनी.

आता ‘परंपरेला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांनी सांगावे, यातले कोणते काम टाकाऊ होते? ज्या मुलीला कोणत्याही सभेत खुर्ची मिळत नव्हती, ती इथे वर्ग घेऊ लागली, हिशेब ठेवू लागली, मासिकात लिहू लागली. वारशाच्या निमित्ताने तिला सार्वजनिक जागा मिळाली. हे लहान काम नव्हे.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि दुसऱ्या सुराच्या मैत्रिणींनी पुढचे नीट ऐकावे.

१९०२ च्या एप्रिलमध्ये याच मंडळाच्या पुढाकाराने डब्लिनमध्ये ‘कॅथलीन नी हूलिहान’ हे नाटक झाले. मॉड गॉन मुख्य भूमिकेत. एक म्हातारी लग्नघरी येते. ती म्हणजे आयर्लंड. तिची जमीन परक्यांनी लुबाडली आहे. तिच्या हाकेसरशी नवरा मुलगा बोहल्यावरून उठून लढायला निघतो. लोक भारावून गेले. पण या नाटकात बायकांच्या वाट्याला काय येते, ते पाहा. एक बाई देश होते, दुसरी मागे रडत राहते. नागरिक मात्र कुणीच होत नाही. आणखी एक गंमत. या नाटकाचा बराच भाग लेडी ग्रेगरी यांनी लिहिला, असे अभ्यासक आज मानतात. नाव मात्र वर्षानुवर्षे एकट्या येट्स यांचे लागत राहिले! वारसा साजरा करणाऱ्या नाटकातच लेखिकेचा वाटा गेला.

याच मंडळाने इंग्रज शिपायांबरोबर फिरू नका म्हणून डब्लिनच्या मुलींमध्ये पत्रकेही वाटली. सैन्यभरतीला विरोध करणे योग्यच होते. पण शिपाई कुणाचाही असो, देशाची अब्रू शेवटी टांगली गेली ती मुलीच्या पदराला. हा खुंटा आपल्या ओळखीचा आहे.

हे सगळे त्या काळी कुणाच्याच ध्यानात आले नाही असे नाही. हॅना शीही-स्केफिंग्टन यांनी १९०९ साली याच ‘बान ना हेरन’मध्ये रोखठोक लिहिले. प्राचीन आयर्लंडमध्ये स्त्री फार मोकळी होती, हे ऐकून आजच्या स्त्रीच्या पदरात काय पडते, असा त्यांचा सवाल होता. जुने केल्टिक कायदे बायकांना काही बाबतींत हक्क देत होते, हे खरे. पण त्या आठवणीवर मतपत्रिका मिळत नाही. त्यांनी आणि मार्गारेट कझिन्स यांनी १९०८ सालीच मताधिकारासाठी वेगळी संघटना काढली होती. दोघींचे म्हणणे साधे होते. आधी स्वातंत्र्य, मग बाईचे बघू, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. याच मार्गारेट कझिन्स १९१५ साली भारतात आल्या, आणि १९२७ च्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते त्यांच्या पुढाकाराने. तेव्हा हा वाद परका आहे, असे निदान पुण्यात बसून कुणी म्हणू नये.

त्यांची भीती खरी ठरली का? पाहा. १९१४ साली ‘कमन ना मान’ ही मोठी स्त्री संघटना निघाली आणि आयर्लंडच्या लेकी तिच्यात सामील झाल्या. १९१६ च्या उठावात बायका लढल्या. उठावाच्या जाहीरनाम्याने सर्व नागरिकांना समान हक्कांचे वचन दिले, आणि १९२२ च्या घटनेने पुरुषांच्या बरोबरीने मतही दिले. मग स्वतःचे सरकार स्थिरावले आणि वाटणी सुरू झाली. १९२७ च्या कायद्याने बायका ज्यूरीतून जवळजवळ बाद झाल्या. १९३० नंतरच्या दशकात लग्न झालेल्या शिक्षिकेला नोकरी सोडावी लागू लागली. १९३५ च्या कायद्याने कारखान्यांतून बायकांना वगळण्याचा अधिकार मंत्र्याला मिळाला. त्याला विरोध कुणी केला? सेनेटमध्ये जेनी वाइझ पॉवर आणि कामगार संघटनेतून हेलेना मोलोनी यांनी. पस्तीस वर्षांपूर्वी केल्टिक वारशाचा झेंडा उचलणाऱ्या मंडळाची उपाध्यक्षा आणि त्या मंडळाच्या मासिकाची संपादिका! आपण जपलेल्या देशाच्या सरकारशी त्यांना बाईच्या रोजीसाठी भांडावे लागले. आणि १९३७ च्या घटनेने कलम ४१.२ मध्ये लिहून टाकले की बाईच्या घरातल्या जीवनाने राष्ट्राला आधार मिळतो. सरकारी नोकरीतली लग्नाची आडकाठी उठली ती थेट १९७३ मध्ये.

आजचे चित्र? २०२३ पासून आयर्लंडमध्ये संत ब्रिजिडच्या नावाने सार्वजनिक सुट्टी असते. बाईच्या नावाची तिथली ही पहिली सुट्टी, आणि ती स्त्री संघटनांनी मोहीम करून मिळवली. आनंद आहे. पण पुढच्याच वर्षी, ८ मार्च २०२४ ला, कलम ४१.२ बदलण्यासाठी सार्वमत झाले आणि जवळजवळ ७४ टक्के मते बदलाच्या विरोधात पडली. नव्या शब्दांवर अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांचेही आक्षेप होते, म्हणून या निकालाचा सरळ अर्थ लावू नये. पण एवढे खरे की बाईच्या नावाने सुट्टी आली आणि बाईला घरात बसवणारे कलम जागेवर राहिले.

मैत्रिणींनो, सुट्टी देणे सोपे असते, देवी करणे त्याहून सोपे. कायदा बदलताना मात्र सगळ्यांचा हात आखडतो. म्हणून माझे म्हणणे असे की वारसा सोडून देऊ नका, कारण आपण सोडला तर तो उचलायला दुसरे टपलेलेच आहेत, आणि ते आपल्याला त्यात फक्त समई धरायला उभे करतील. पण नुसता साजराही करू नका. डब्लिनच्या मंडळाने वारशाच्या नावाने शाळेत जेवण मागितले तेव्हा ते मिळाले. देशमाता उभी केली तेव्हा टाळ्या मिळाल्या, आणि टाळ्यांनी पोट भरत नाही. यापुढे मंडळात सणाचा कार्यक्रम ठरेल तेव्हा खर्चाच्या यादीशेजारी मागण्यांचीही यादी करू या. रेशन असो, मजुरी असो, घरावर बाईचे नाव असो. गाणी झाल्यावर त्या कागदावर सह्या घ्या आणि कचेरीत नेऊन द्या. वारसा आपला असेल, तर त्यातला वाटाही आपण मागून घेतला पाहिजे.