खुंटीवरची किल्ली

मुलांनो, तुम्ही पासवर्ड म्हणून स्वतःचेच नाव ठेवता का? मग ही हकिकत वाचा. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. तो आपोआप एका संगणकातून दुसऱ्यात शिरे. काही ठिकाणी यंत्रणेतील चुकांमुळे, तर काही ठिकाणी चक्क अंदाजाने! पासवर्ड म्हणून तो आधी वापरणाऱ्याचे नाव लावून पाही, मग तेच उलटे, मग स्वतःजवळच्या यादीतले ४३२ शब्द. हजारो संगणक ठप्प झाले. १९९० साली न्यायालयाने मॉरिसला दोषी ठरवले, ते योग्यच. पण मला विचाराल, तर दाराला कुलूप लावून किल्ली तिथेच खुंटीला टांगणारेही तितकेच दोषी होते. त्यांना मात्र कोणी जाब विचारला नाही.