कोळीवाडा पाहावयाचा तर

सुटी लागली की आमच्या मराठवाड्यातील मुलांस समुद्राची ओढ लागते, आणि ते स्वाभाविकच आहे. विष्णुपुरीस गोदावरी अडवून झालेल्या शंकरसागर जलाशयाच्या काठी जी मुले वाढली, त्यांना दुसरा काठच नसलेले पाणी एकदा तरी पाहावेसे वाटणारच. परंतु समुद्र पाहून परतलेल्या विद्यार्थ्यांस त्या किनाऱ्यावर कोण राहते, ते लोक काय करितात, असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : "तेथे फार वास येत होता." या उत्तराविषयी आम्हांस थोडेसे लिहावयाचे आहे.

वास येतो हे खरे. बोंबील हा मासा मुळात पाणीदार. बांबूंच्या मांडवावर उन्हात टांगून वाळविल्यावाचून तो टिकत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत चुलीवर येते ते हेच सुके. तेव्हा तो वास म्हणजे कोळ्याच्या घरची पावसाळ्याची बेगमी होय. आपल्या गोठ्यासही वास असतोच. त्याची लाज शेतकऱ्याच्या मुलास कधी वाटली आहे काय?

अस्सल कोळीगाव कोठे पाहावयास मिळेल, अशी पृच्छा अनेक पालक करितात. आमचे उत्तर असे की, आधी वेळ साधा. दापोली तालुक्यातील हर्णैच घ्या. भर दुपारी तेथे गेल्यास समोरचा सुवर्णदुर्ग, तापलेली वाळू आणि नांगरलेल्या होड्या एवढेच नजरेस पडेल. तेथेच सायंकाळपर्यंत थांबावे. नौका परततात, त्यांवरील माल बैलगाड्या पाण्यात घालून काठास आणण्याची येथली जुनी रीत. मग वाळूवर ढीग पडतात आणि लिलावास आरंभ होतो. त्या गलक्यात बायकांचा आवाज कमी नसतो. पुरुषाने समुद्रावर जावे आणि बाईने माल विकून पैसा राखावा, ही कोळ्यांच्या घरची वहिवाट आहे. आमच्या विद्यार्थिनींनी हे अवश्य पाहावे. घरात हिशेबाची वही कोणाच्या हाती असावी, याविषयी त्यांना पुष्कळ सुचेल!

मिशनच्या शाळेत शिकणाऱ्यांस हर्णैचे आणखी एक अगत्य आहे. १८२३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी बाणकोट व हर्णै या भागात आपले कार्य आरंभिले, आणि १८२९ साली मुंबईस उतरलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीचे धडे गिरविले ते याच किनाऱ्यावर. पुढे ज्यांच्या नावाने महाविद्यालय झाले, त्यांस आपली भाषा शिकण्यास हे गाव चालले. आपणांस मात्र तेथे नाकास रुमाल लावावासा वाटतो.

ज्यांचा प्रवास मुंबईतच संपतो, त्यांनी वरळीचा कोळीवाडा पाहावा. शहर त्यास सर्व बाजूंनी भिडले आहे. किनारी रस्त्याच्या पुलाचे खांब साठ मीटर अंतरावर येणार होते; त्यांतून होड्या सुखरूप जाणार नाहीत, असे म्हणून येथील कोळ्यांनी दीर्घकाळ विरोध केला आणि अखेर २०२२ साली ते अंतर १२० मीटर करण्याचे शासनाने मान्य केले. मागणी याहून अधिकाची होती. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात जे समजत नाही, ते त्या धक्क्यावर उभे राहिल्याने समजेल.

जाताना एवढे पाळावे. पसरलेले जाळे तुडवू नये. विचारल्यावाचून कोणाचे छायाचित्र काढू नये. मासळी विकणाऱ्या बाईस 'मावशी' म्हणावे, आणि 'ए' म्हणून तर मुळीच हाक मारू नये.

ज्या पालकांस एवढा खर्च झेपत नाही, त्यांनी खंत करू नये. पेत्र व अंद्रिया जेथे जाळे टाकीत होते आणि याकोब व योहान जेथे जाळी नीट करीत बसले होते, तो गालीलचा समुद्र वस्तुतः गोड्या पाण्याचा तलाव आहे. तसे जाळे आपल्या गोदावरीतही पडते. हे भोई लोक आपले शेजारी. त्यांची मुले आपल्याच गावच्या शाळांत शिकतात, आणि वर्गात कोणी त्यांच्या डब्याकडे पाहून नाक मुरडले तर त्यांना काय वाटत असेल, हे आम्ही जाणतो. येत्या सुटीत एखाद्या सकाळी मुलास घेऊन नदीवर जावे, रोहू कोणता व मरळ कोणता हे भोईदादांसच विचारावे, आणि सांगितलेल्या भावाने थोडी मासळी घेऊन घरी यावे.